लाइमचा आजार : अंगावर काढलेला आणि मागे रेंगाळलेला

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्यामागे तांबूस चट्टा उठला आणि तो पसरत गेला. तिथल्या डॉक्टरांनी लाइमचा आजार असल्याचे सांगून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दोन आठवडे दिल्या व चट्टा गेला. मात्र तेव्हापासून थकवा, सांधेदुखी आणि विसराळूपणा काही केल्या हटत नाही. एक डॉक्टर म्हणतात की जंतू शरीरात दडून बसले आहेत, सहा महिने शिरेतून प्रतिजैविके घ्यावी लागतील. हा खर्च विमा कंपनी देत नाही. दुसरे म्हणतात की ‘जुनाट लाइम’ नावाचा आजारच नाही. दोघांपैकी खरे कोण? ही इंजेक्शने कोल्हापुरात पुष्कळ स्वस्त मिळतात, तेव्हा त्याला इकडे बोलावून उपचार करावेत काय? आणि त्या वेळी उपचार घेतलेच नसते तर काय झाले असते?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तराबद्दल वाद नाही. कनेक्टिकटमधील लाइम या गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे एकाच सुमारास सुजू लागले आहेत, हे तिथल्या दोन मातांनी 1975 मध्ये आरोग्य खात्याच्या लक्षात आणून दिले. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी त्याचा अभ्यास हाती घेतला आणि 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या आजाराचा मळसूत्री जिवाणू गोचिडीच्या पोटात शोधून काढला. त्याला पुढे बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळाले. कारणच ठाऊक नसल्याने सुरुवातीच्या वर्षांत अनेक रुग्णांना प्रतिजैविके मिळाली नाहीत आणि म्हणूनच, काहीशा दुर्दैवाने, हा आजार अंगावर काढल्यास काय होते याची नोंद आज आपल्या हाती आहे. चट्टा उठलेल्या आणि प्रतिजैविके न मिळालेल्या अशा 55 जणांवर स्टीअर यांनी कित्येक वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी 11 जणांना पुढे काहीच झाले नाही, 10 जणांचे सांधे अधूनमधून दुखत राहिले, 28 जणांना सांधे सुजण्याचे झटके येत राहिले आणि 6 जणांच्या सांध्यांची सूज दीर्घकाळ टिकली. हा आजार प्रामुख्याने गुडघा धरतो. याखेरीज चेहऱ्याचा एका बाजूचा पक्षाघात, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात अडथळा हेही उपचाराअभावी होऊ शकते. अशा उशिरा लक्षात आलेल्या रुग्णालाही प्रतिजैविकांचा उपयोग होतो. सुजलेल्या सांध्यासाठी साधारण 28 दिवसांच्या गोळ्या देतात. आपल्या मुलाने चट्टा दिसताच डॉक्टर गाठले, हे त्याने फार चांगले केले. सावळ्या त्वचेवर या चट्ट्याची लाली नीट उठून दिसत नाही आणि पुस्तकातल्या चित्रासारखी वर्तुळात वर्तुळे तर पुष्कळदा नसतातच, त्यामुळे आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांमध्ये निदान लांबण्याचा धोका अधिक असतो.

आता ‘जुनाट लाइम’विषयी. माझ्या मते या भांडणाचे मूळ नावात आहे. हे एकच नाव किमान चार वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांना लावले जाते. काहींना उपचार न झालेला, उशिराच्या टप्प्यातील खरा संसर्ग असतो. काहींना निश्चित लाइम झालेला असतो, योग्य औषधही मिळालेले असते, तरी लक्षणे मागे रेंगाळतात. काहींना आमवातासारखा दुसराच आजार असून त्यावर लाइमची चिठ्ठी चिकटवलेली असते. उरलेल्यांना थकवा आणि वेदना खऱ्याच असतात, परंतु लाइमचा पुरावा कधीच सापडलेला नसतो. आपला मुलगा दुसऱ्या गटात मोडतो. हा गट वैद्यकशास्त्राने नाकारलेला नाही. त्याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह असे नाव आहे आणि उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांना, काही अभ्यासांनुसार त्याहूनही अधिक जणांना, तो होतो. म्हणजे जंतूंबद्दल दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे पुराव्याला धरून असले, तरी ‘असा आजारच नाही’ या शब्दांत ते रुग्णाला सांगणे मला चुकीचे वाटते. बाहेर हाकलल्यासारखे वाटलेला रुग्ण जो कोणी त्याचे ऐकून घेईल त्याच्याकडे जातो, मग तो काहीही विको.

ही लक्षणे लपलेल्या जिवंत जंतूंमुळे असतील तर जास्त प्रतिजैविकांनी ती हटायला हवीत, हे तर्काला धरूनच आहे आणि ते तपासूनही झाले आहे. क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 129 रुग्ण होते. निम्म्यांना 30 दिवस शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन व नंतर 60 दिवस डॉक्सिसायक्लिन दिले, तर उरलेल्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिले. रक्तात लाइमची प्रतिपिंडे (जंतूंशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने) सापडलेल्या गटात औषध घेणाऱ्यांपैकी 37 टक्के लोकांना बरे वाटले आणि निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांपैकी 40 टक्के लोकांना. हे दोन आकडे शेजारी ठेवून सावकाश पाहावेत अशी माझी आपल्याला विनंती आहे. ‘मला त्या सलाइनने गुण आला’ असे शपथेवर सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. पाण्यानेही तितक्याच लोकांना गुण आला असता, एवढेच त्यांना कळण्याची सोय नसते. नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही 12 आठवड्यांच्या जादा गोळ्यांनी फरक पडला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2003 च्या एका लहान चाचणीत 28 दिवसांच्या इंजेक्शनांनी थकवा काहीसा कमी झाला होता, आणि 2008 च्या, अवघ्या 37 रुग्णांच्या चाचणीत स्मरण व आकलन आधी सुधारून पुढे तो लाभ ओसरला. दीर्घ उपचारांचा आग्रह धरणारे याच दोन अभ्यासांवर बोट ठेवतात. उंदीर व माकडांमध्ये उपचारानंतरही जिवाणूंचे अंश आढळले आहेत, हाही त्यांचा मुद्दा आहे. मात्र अंश राहणे आणि जिवंत संसर्ग चालू असणे यांत अंतर आहे. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे सांध्यातील द्रवात रेंगाळून दाह चालू ठेवत असावेत, असे सुचवणारा 2019 मधील अभ्यास मला अधिक पटतो, कारण त्यातून वेदनेचा उलगडा होतो आणि औषध का चालत नाही याचाही.

हा वाद दवाखान्यापुरता राहिला नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2006 मध्ये दीर्घ प्रतिजैविकांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कनेक्टिकटचे तत्कालीन ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, रिचर्ड ब्लूमेंथल यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्या संस्थेची चौकशी सुरू केली. 2008 मध्ये तडजोड होऊन नव्या समितीकडे फेरतपासणी सोपवली गेली आणि 2010 मध्ये त्या समितीने मूळ शिफारसी कायम ठेवल्या. लक्षणांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता इकडे आणून इंजेक्शने देण्याविषयी. आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाइन लावून टाका’ ही मागणी इतकी रुळली आहे की शिरेतून दिलेले औषध म्हणजे जोरदार औषध असा समज घट्ट बसला आहे, आणि सेफ्ट्रिॲक्सोन स्वस्त असल्याने तो समज पुरवणेही सोपे आहे. परंतु महिनोन् महिने शिरेत नळी ठेवली की तिच्यावाटे जंतू थेट रक्तात शिरू शकतात. अमेरिकेत 27 महिने सेफोटॅक्सिम हे याच कुळातले औषध शिरेतून घेतलेल्या एका 30 वर्षांच्या स्त्रीचा नळीवर वाढलेल्या बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद आहे. सेफ्ट्रिॲक्सोनने पित्ताशयात गाळ साचू शकतो, आणि दीर्घ प्रतिजैविकांनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूमुळे होणारा जुलाब जिवावर बेतू शकतो. स्वस्त दरामुळे यांतले काहीही कमी होत नाही. त्यापेक्षा मुलाचा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर आणि झोपेतील श्वास यांची तपासणी व्हावी, आमवाताची शक्यता पडताळावी आणि मनाची उमेद कशी आहे हे कोणीतरी निवांत विचारावे. शाकाहारी घरातील मुलगा असेल तर बी-12 आधी पाहावे. रेंगाळलेली लक्षणे बहुतेकांची काळाने कमी होतात, पण त्याला महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. नवा चट्टा उठला तर ते नवे प्रकरण समजावे, कारण हा आजार पुन्हा होऊ शकतो आणि त्याला पुन्हा औषध लागते.

प्रश्न : माझ्या बहिणीचे सांधे आठ महिने दुखत आहेत. एका खासगी प्रयोगशाळेत लाइमची तपासणी पॉझिटिव्ह आली. ती कधीच परदेशी गेलेली नाही. आता काय करावे?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : घाबरू नये आणि लगेच औषधही सुरू करू नये. ही तपासणी जंतू शोधत नाही, प्रतिपिंडे शोधते, आणि ती दुसऱ्या मळसूत्री जिवाणूंमुळेही उमटू शकतात. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू त्याच जातकुळीतला आहे आणि पावसाळ्यात तो आपल्या भागाला अनोळखी नाही. भारतात ईशान्येकडील राज्यांतून आणि कर्नाटकातील काही वनक्षेत्रांतून लाइमच्या प्रतिपिंडांच्या नोंदी आहेत, परंतु सिद्ध झालेले रुग्ण विरळा आहेत. जिथे आजार विरळ तिथे पॉझिटिव्ह उत्तराचे वजन कमी होते, हे लक्षात घ्यावे. समजा हजार माणसांत एकालाच आजार आहे आणि तपासणी शंभरात पाचदा चुकून पॉझिटिव्ह येते. मग सुमारे 50 निरोगी माणसांना ‘आजार आहे’ असा कागद मिळेल आणि खरा रुग्ण एकच असेल. म्हणूनच पहिल्या तपासणीनंतर वेस्टर्न ब्लॉटसारखी दुसरी खात्रीची तपासणी करण्याचा नियम आहे. त्यातही फक्त आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला उमटणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या महिन्यानंतर त्याला अर्थ उरत नाही. आठ महिन्यांच्या दुखण्यात आयजीजी (उशिरा उमटून टिकणारी प्रतिपिंडे) दिसायला हवे. तोवर बहिणीला संधिवाततज्ज्ञांना दाखवावे आणि दुखणे सुरू होताना ताप आला होता का, हे आठवून सांगावे. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने धरून राहतात आणि लाइमपेक्षा तो आपल्याकडे किती तरी पटींनी अधिक आढळतो.

प्रश्न : आमच्या म्हशींच्या अंगावर नेहमी गोचीड असतात आणि धार काढताना कधी आमच्याही अंगावर चढतात. आम्हाला लाइम होईल काय?
– एक दूध उत्पादक, राधानगरी तालुका

उत्तर : लाइम पसरवणारी गोचीड इक्सोडिस जातीची असते, गोठ्यात सहसा आढळतात त्या निराळ्या जातींच्या, म्हणून त्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. मात्र गोचीड अंगावर ठेवूही नये. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तंबाखू किंवा विडीचा चटका देऊ नये. रानात जाऊन आल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ किंवा ‘रानात गेलो होतो’ हे वाक्य न विचारता आधी सांगावे. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. काळी खपली ही बहुधा स्क्रब टायफसची खूण असते. तो गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने होतो आणि डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो.