संकलनाच्या टेबलावरून : ड्रमरचे हात

प्रश्न : ताई, मी माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वर्गातल्या चौघांचा रॉक बँड आहे आणि त्यांच्याच एका गाण्यावर मला व्हिडिओ करायचाय. गाणं बरोबर ४ मिनिटांचं. एक कॅमेरा, दोन फोन आणि एका दिवसासाठी रिकामा हॉल मिळालाय. गोष्ट कोणती घ्यायची यावर पंधरा दिवस वाद चालू आहे. तालमीत फोनवर थोडं शूट करून पाहिलं, तर ड्रमर वाजवल्याचं नाटक करतोय असं वाटलं. सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : गोष्टीचा वाद जरा थांबव. तुझ्या पत्रात मी अडखळले ती ड्रमरच्या वाक्यावर. रॉक गाण्यात बघणाऱ्याची नजर आधी हातांवर जाते. ड्रमरची काठी, म्हणजे स्टिक, सिंबलवर (ड्रमसोबतच्या पितळी थाळीवर) पडली आणि आवाज मागून आला, की पुढची सुंदर गोष्ट कुणी मनापासून बघत नाही. असे शॉट मी टेबलावर इतके पाहिलेत, की पहिल्या दहा सेकंदांत पोटात गोळा येतो.

तुझा ड्रमर खोटा दिसतो कारण तो हात आखडता घेतोय. व्हिडिओत शेवटी आधी रेकॉर्ड केलेलंच गाणं ऐकू येतं, शूटिंगला बँड त्यावर वाजवतो. स्पीकरवर लावलेलं ते गाणं ऐकू यावं म्हणून तो हळू वाजवतो. मग खांदा हलत नाही, सिंबल डुलत नाही, केस उडत नाहीत. त्याला पूर्ण ताकदीने वाजवू दे आणि आवाज दुसऱ्या मार्गाने दाब. किक ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, आत घोंगडी कोंब, सिंबलच्या खालच्या बाजूला चिकटपट्टी लाव, कॅमेऱ्यात न येणाऱ्या ड्रमवर जाड कापड टाक. कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कानात इयरफोन दे आणि त्यात गाण्यासोबत ठेक्याची टिकटिक सोड. बाकीच्यांना कानात घालायला बोळे दे. दिवसभर त्या आवाजात उभं राहायचंय.

स्पीकर बँडच्या पायाशी, फ्रेमच्या जरा बाहेर हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्पीकर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, १७ मीटरवर असेल, तर ठोका त्यांच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, या हिशेबात हे एका फ्रेमहून जास्त झालं, म्हणजे चौघंही प्रामाणिकपणे वाजवूनही मागे पडणार. कॅमेरा लांब असला तर त्याचा माइकही तितकाच उशिरा ऐकतो. म्हणून संकलनात पडद्यावर दोन्ही आवाजांच्या लाटा जुळलेल्या दिसल्या, एवढ्यावर काम हातावेगळं करू नकोस. स्टिक टेकते ती फ्रेम डोळ्यांनी शोध.

या सगळ्याच्या आधी मात्र गाणं पक्कं करून घे. शूटिंगला वाजेल ती फाइल अंतिम, नंतर कुणी तिला हात लावायचा नाही. विद्यार्थी असताना मी एका बँडचा व्हिडिओ केला. दोन दिवस चित्रीकरण झालं आणि नंतर त्यांनी ड्रम पुन्हा रेकॉर्ड केले. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२२ चं झालं. ऐकताना कुणाला फरक कळला नाही. पण ४ मिनिटांच्या शेवटी गाणं जवळजवळ ४ सेकंद आधी संपत होतं आणि गायकाचे ओठ तितकेच मागे राहिले होते. पुढचे तीन आठवडे मी पाठमोरे आणि अंधारातले शॉट शोधत बसले. तो व्हिडिओ मला आजही पाहवत नाही.

फाइलच्या सुरुवातीला दोन आवर्तनं, म्हणजे आठ ठोके, टिकटिक जोडायला विसरू नकोस, म्हणजे चौघं एकत्र उचलतील.

आता कागद घे. तुमचं गाणं १२० ठोक्यांचं असेल तर चार ठोक्यांचं एक आवर्तन २ सेकंदांचं, म्हणजे पूर्ण गाण्यात १२० आवर्तनं. तेवढे चौकोन आख आणि प्रत्येकात काय ऐकू येतं ते लिही : इथे एकटा बेस, इथे गायक ओरडतो, इथे सगळं थांबतं. हे करायला एक अख्खी संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ मला या कामात सगळ्यात आवडते. गाणं तुझं होतं ते तेव्हा. गोष्टीला जागा किती हेही तिथेच दिसतं. सुरुवातीची ८ आवर्तनं म्हणजे १६ सेकंद. तेवढ्यात एक मुलगी दार ढकलून रिकाम्या हॉलमध्ये येऊ शकते. तिचं बालपण, भांडण आणि अपघात त्यात मावणार नाही. वाद आपोआप मिटेल.

दिवसाचा हिशेब असा : प्रत्येकाचं पूर्ण गाणं तीनदा घ्यायचं, लांबून, कमरेपासून वर आणि फक्त हात किंवा चेहरा. चौघांचे १२ टेक, म्हणजे ४८ मिनिटं. प्रत्येक टेकनंतर दिवे आणि कॅमेरा हलवायला १० मिनिटं धर. एकूण तीन तासांच्या आत बसतं. सगळे एकत्र असलेले लांबचे शॉट सर्वांत आधी. मग गायक, कारण त्याने खरंच गायला हवं. नुसते ओठ हलवले की मानेच्या शिरा ताणल्या जात नाहीत आणि ते लगेच दिसतं. त्याच्या पाठोपाठ ड्रमर, दंड भरून यायच्या आत. गोष्टीतल्या मुलीचे शॉट दुपारनंतर.

गिटारची वायर अँपला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडलेली दिसू दे. दिवे लुकलुकत असतील तर वीज ५० हर्ट्झची आहे तिथे कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या १/५० वर ठेव, ६० ची आहे तिथे १/६० वर. फोन आपल्या मर्जीने फ्रेमचा वेग बदलतात, तेव्हा वेग बांधून ठेवणारं ॲप वापर. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा स्ट्रोब (उघडझाप करणारा दिवा) नको. अपस्माराचा त्रास असलेल्या बघणाऱ्याला त्याने झटका येऊ शकतो.

प्रश्न : ध्रुवपदात सगळं स्लो मोशनमध्ये हवंय, पण गायकाचे ओठ जुळलेही पाहिजेत. असं होतं का?

उत्तर : होतं, आणि फार छान दिसतं. सेकंदाला ५० फ्रेमवर शूट कर आणि गाणं दुप्पट वेगाने लाव. गायक त्या वेगाने गाईल. संकलनात २५ वर आणलंस की ओठ मूळ गाण्याला जुळतात. केस, घाम, शर्टाची टोकं मात्र निम्म्या वेगाने हलतात. कोल्डप्ले या बँडच्या २००० सालच्या 'यलो' गाण्याच्या व्हिडिओत समुद्रकिनाऱ्यावर चालणारा गायक असाच चित्रित झालाय. गायकाला आठवडाभर आधी दुप्पट वेगाची फाइल दे, शब्द जिभेवर बसायला वेळ लागतो. ड्रमरला या शॉटमधून वगळ. १२० चे २४० ठोके पूर्ण ताकदीने मारणं फार अवघड, आणि पुन्हा तुझे हात खोटे पडतील.

प्रश्न : बँडमधला एक जण म्हणतो, आपलं गाणं कोण बघणार, एखाद्या गाजलेल्या बँडचंच घेऊ. घ्यावं का?

उत्तर : नको. जाहीरपणे दाखवायचं तर दोन परवानग्या लागतात, एक गीत-संगीताच्या मालकाची आणि एक त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. तुम्ही स्वतः वाजवून रेकॉर्ड केलंत तर दुसरी लागत नाही, पहिली तरीही लागतेच. गाणं विकत घेतलेलं असलं म्हणून यातली एकही मिळत नाही. आणि त्या मुलाला सांग, गाजलेल्या गाण्यात हात कसे फिरतात ते तो दुसऱ्याचं बघून करील. स्वतःच्या गाण्यात ते त्याचे त्याला ठाऊक आहेत. फक्त चौघांकडून एका कागदावर लेखी संमती आजच घे, मैत्री असली तरी. सह्या झाल्या की चौकोन आखायला बस.