पावसाळ्यात होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन (आउटबोर्ड) नुसते ताडपत्रीखाली झाकून ठेवले तर चालेल का?

नाही, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळासाठी इंजिन झाकण्यापूर्वी ते गोड्या पाण्यावर १० ते १५ मिनिटे मंद गतीने चालवावे, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी झडप, इंजिन तापल्यावरच उघडतो आणि बाहेरून कितीही पाणी मारले तरी आतल्या वाहिन्यांतले मीठ तसेच राहते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल मुंबईच्या दमट हवेत ओलावा धरते आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे (जेट) तुंबतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे व स्टार्टरची दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम, जे बहुतेकजण पुढे ढकलतात, ते म्हणजे खालच्या गिअरबॉक्सचे ऑइल आत्ताच बदलणे: ते दुधाळ निघाले, तर सीलमधून पाणी आत शिरते आहे असे समजावे आणि नारळी पौर्णिमेची घाई सुरू होण्याआधी, मेकॅनिक मोकळा असतानाच, सील बदलून घ्यावे. इंजिन आडवे न टाकता उभे ठेवावे. फ्युएल इंजेक्शनचे इंजिन असल्यास मात्र पेट्रोल संपेपर्यंत चालवू नये, त्याच्या पुस्तिकेतलीच पद्धत पाळावी.