वायरलेस गेम कंट्रोलरवरची बटणं आणि पोर्ट कशासाठी असतात?

ताई, आधी एक विनंती. मागच्या बाजूच्या त्या सुईएवढ्या भोकात सध्या काहीही घालू नका.

भाच्याने गणपतीत मुंबईहून आणलेला कंट्रोलर वेंगुर्ल्याला घरीच राहिला, सोबत खोकं नाही की माहितीचा कागद नाही, चालू केला की चार दिवे एकामागून एक लुकलुकत राहतात आणि मुलीला तो लॅपटॉपला जोडून हवाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मालवणात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सुट्टी संपून चाकरमानी परतले की अशा मागे राहिलेल्या वस्तू माझ्याकडे येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ते बारीक भोक म्हणजे रिसेट. आत छोटं बटण असतं, ते कंट्रोलर बंद असताना पिनेने पाचेक सेकंद दाबून धरायचं. पण रिसेट केल्यावर कंट्रोलर आधीची सगळी जोडणी विसरतो, म्हणून बाकी सगळे उपाय थकल्यावरच तिकडे वळा. प्लेस्टेशन ५ (सोनीचं गेमचं यंत्र) च्या कंट्रोलरवर पुढच्या बाजूलाही बारीक छिद्रं असतात, ती मायक्रोफोनची. तिथे पीन गेली तर माईकच जातो. पीन घालायची ती पाठीवरच्या भोकात, आणि आत बटण दबल्याची टिक जाणवली पाहिजे. टिक जाणवली नाही तर जोर करू नका.

वरच्या कडेला मधोमध जो चपटा लांबट पोर्ट आहे तो चार्जिंगचा. दोन्ही बाजूंनी सारखा गोल असेल तर टाईप-सी, एका बाजूला निमुळता असेल तर जुना मायक्रो यूएसबी. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. नव्या मोबाईलची केबल दोन्ही टोकांना टाईप-सी असते. ती लावली की स्वस्तातले बरेच कंट्रोलर चार्जच होत नाहीत, आणि माणूस समजतो बॅटरी मेली. खरं तर टाईप-सीच्या चार्जरला 'समोर वस्तू जोडली आहे' हे कळावं म्हणून त्या वस्तूत दोन छोटे रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारे भाग, असावे लागतात. काही उत्पादक ते वाचवतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. घरातल्या जुन्या चार्जरची, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. शिवाय काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून डेटा जात नाही. वायरने खेळायचं असेल तर अशी केबल लावून लॅपटॉपला काहीच दिसणार नाही.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कंट्रोलरमध्ये सगळ्यात आधी काय जात असेल तर हा पोर्ट. टाईप-सीच्या त्या एवढ्याशा जागेत २४ पर्यंत संपर्कपट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्यांच्यावर बसतं, ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि वर तुम्ही चार्जर लावला की पाच व्होल्टच्या पट्टीतून शेजारच्या पट्टीकडे त्या खारट ओलाव्यातून वीज झिरपायला लागते. तांब्याच्या भांड्याला चढतो तसाच हिरवा कळंक तिथे चढतो, फक्त विजेमुळे फार झपाट्याने. म्हणून समुद्रावरून आलेल्या ओल्या हाताने केबल लावू नये, आणि पोर्टमध्ये ओल दिसली तर पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग नको. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय करू नका, तांदळाची पूड आत जाऊन बसते. कळंक दिसलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला आम्ही दुकानात आयपीए म्हणतो, ते मऊ ब्रशला लावून हलक्या हाताने फिरवा, कंट्रोलर पूर्ण बंद ठेवून. थिनर नको, त्याने प्लॅस्टिक विरघळतं.

खालच्या कडेचा गोल पोर्ट हेडफोनचा, ३.५ मिलिमीटरचा. तो आहे म्हणून लॅपटॉपवर आवाज त्यातूनच येईल असं मात्र धरून चालू नका. ब्लूटूथने लॅपटॉपला जोडलेल्या बहुतेक कंट्रोलरमधून आवाज येत नाही, अगदी एक्सबॉक्सच्या (मायक्रोसॉफ्टचं गेमचं यंत्र) अस्सल कंट्रोलरमधूनही नाही. हेडफोन सरळ लॅपटॉपला लावा.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अर्थ बहुधा एवढाच की कंट्रोलर त्याच्या जुन्या मालकाला शोधतोय. मुंबईतलं ते गेमचं यंत्र इथे नाही, म्हणून तो शोधतच राहतो. त्याला नव्याने जोडणीच्या स्थितीत आणावं लागतं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वरच्या कडेवर चार्जिंगच्या पोर्टजवळ त्यासाठी वेगळं छोटं बटण असतं, ते तीनेक सेकंद दाबायचं. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर 'क्रिएट' आणि मधलं पीएस बटण एकत्र दाबून धरायचं, प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर 'शेअर' आणि पीएस. तुमच्या वर्णनावरून तुमचा कंट्रोलर तिसऱ्याच कंपनीचा वाटतो. अशांत बहुधा मधलं होम बटण आणि ए, बी, एक्स, वाय या अक्षरांच्या बटणांपैकी एक एकत्र धरून मोड निवडतात, म्हणजे कंट्रोलरने कोणत्या यंत्रासारखं वागायचं ते. कोणतं अक्षर कोणत्या मोडचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकेक करून बघा आणि दरवेळी लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत काय नाव उमटतं ते वाचा. 'एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर' असं आलं तर तोच मोड विंडोजसाठी हवा. 'प्रो कंट्रोलर' आलं तर तो स्विचचा, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या गेमच्या यंत्राचा मोड, नुसतं 'वायरलेस कंट्रोलर' आलं तर बहुधा प्लेस्टेशनचा. भाच्याकडे कंट्रोलरचा सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी डोंगल राहिला असेल तर मागवून घ्या, ब्लूटूथपेक्षा तो बरेचदा बिनत्रासाचा. फक्त लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असेल तर सिग्नलला त्रास होतो, डोंगल दुसऱ्या बाजूला लावा.

बटणांची नावं पाठ करू नका, जागा लक्षात ठेवा. उजव्या अंगठ्याखाली चार बटणं असतात. त्यांतलं खालचं 'होय' आणि उजवीकडचं 'मागे' असं एक्सबॉक्सवर आणि आताच्या प्लेस्टेशनवर असतं. त्या खालच्या बटणाला एक्सबॉक्स ए म्हणतो, प्लेस्टेशन फुली म्हणतो. निन्टेन्डोने मात्र १९९० च्या आपल्या यंत्रावर ए उजवीकडे ठेवला आणि बी खाली, स्विचवरही तसंच आहे, म्हणून स्विचच्या धाटणीच्या कंट्रोलरवर ए दाबला तर विंडोजच्या गेममध्ये भलतंच होऊ शकतं. मुलीला 'ए दाब' असं सांगण्यापेक्षा 'खालचं दाब' सांगा, कोणताही कंट्रोलर हातात आला तरी तिचं अडणार नाही. डावीकडची अधिकच्या चिन्हासारखी दिशांची बटणं निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातातल्या छोट्या गेमसाठी काढली, आणि अजूनही मेनू चालवायला त्यांच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

वरच्या कडेला दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं आहेत. पुढची, एल१ आणि आर१, साधी दाबायची. त्यामागची एल२ आणि आर२ म्हणजे ट्रिगर, ती बहुतेक कंट्रोलरांवर किती दाबली तेही मोजतात, म्हणून गाडीच्या गेममध्ये आर२ हळू दाबला की गाडी हळू जाते. एक्सबॉक्सवर यांनाच एलबी, आरबी, एलटी, आरटी म्हणतात. मग गेम 'आर३ दाबा' सांगतो आणि माणूस कंट्रोलर उलटासुलटा करून बघत बसतो. आर३ म्हणजे अंगठ्याने फिरवायची उजवी काडीच, ती सरळ आत दाबायची. एल३ म्हणजे डावी. ती छापलेली नसतात, म्हणून सापडत नाहीत. आणखी एक, कंट्रोलर चालू करताना काड्यांवर अंगठे ठेवू नका. बरेच कंट्रोलर चालू होताना काडी जिथे असेल तिलाच मधोमध धरतात, आणि मग गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागतो.

'टर्बो' लिहिलेलं बटण असेल तर ते एखादं बटण सारखं सारखं दाबल्याचा परिणाम देतं. चुकून लागलं की गोळीबार थांबतच नाही. टर्बो धरून तेच बटण पुन्हा दाबलं, किंवा 'क्लियर' असेल तर ते वापरलं, की सहसा निघतं.

जोडून झालं की विंडोजच्या सर्चमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' शोधा, त्यात प्रॉपर्टीज उघडून एकेक बटण दाबून बघा. एक्सबॉक्स मोडमध्ये तिथे दोन्ही ट्रिगर एकाच पट्टीवर दाखवतात, दोन्ही एकदम दाबले तर पट्टी मधेच राहते. ते बिघडलेले नसतात, एकेकटे दाबून तपासा.

खेळून झाल्यावर तो पडवीत किंवा खिडकीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, औषधाच्या बाटलीतल्या चालतील. आत बॅटरी असेल तर ती रिकामी करून पुढच्या गणपतीपर्यंत पडू देऊ नका, लिथियम बॅटरी अशी पडून मरते. निम्मी भरून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून स्प्रिंगा खातात.

पाठीवरच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो वाचता येत असेल तर इथे लिहा. त्यावरून होमबरोबर नेमकं कोणतं अक्षर धरायचं ते शोधून सांगतो.