विकर तयार होतं, पण टिकत नाही
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आमच्या मुलाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी कावीळ झाली. जी६पीडी कमी निघालं. जनुकीय अहवालात ‘मेडिटेरेनियन, ५६३ सी-टी’ असं लिहिलंय. एका अक्षराने एवढं काय बिघडतं? घरात काय सांभाळायचं?
– एक आई, नाशिक

उत्तर : जी६पीडी हे तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणारं, ५१५ अमिनो आम्लांच्या साखळीचं विकर, म्हणजे एन्झाइम. अशा दोन किंवा चार साखळ्या एकमेकींना बिलगल्या तरच ते काम करतं. तुमच्या मुलाच्या जनुकात ५६३व्या जागी एक अक्षर बदललं, त्यामुळे साखळीतल्या १८८व्या जागी सेरीन या लहानशा अमिनो आम्लाऐवजी फेनिलअ‍ॅलानिन हे अवजड अमिनो आम्ल आलं. घडी नीट बसत नाही, रेणू लवकर उलगडतो आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते.

इतर पेशींमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण त्या नवं विकर तयार करत राहतात. तांबड्या पेशीला मात्र केंद्रकच नसतं. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. निरोगी जी६पीडी निम्मं व्हायला साधारण ६२ दिवस लागतात. आफ्रिकेत आढळणाऱ्या ‘ए-वजा’ प्रकारात ते १३ दिवसांतच निम्मं होतं. म्हणून त्या प्रकारात म्हाताऱ्या पेशी फुटतात, तरुण पेशी तग धरतात आणि रक्त फुटणं बरेचदा आपोआप थांबतं. मेडिटेरेनियन प्रकारात विकर याहूनही लवकर नाहीसं होतं. तरुण पेशींनाही संरक्षण नसतं, त्यामुळे ‘थांबेल आपोआप’ म्हणून वाट पाहू नका. लघवी चहासारखी गडद होणं, बाळ पांढरं पडणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही लक्षणं बहुधा कारण घडल्यावर एक ते तीन दिवसांत दिसतात.

घरातला सर्वांत मोठा धोका म्हणजे नॅफ्थॅलीनच्या डांबरगोळ्या. ट्रंकेतली जुनी दुपटी, बाळंतविडा, स्वेटर नुसते झटकून वापरू नका. ते धुवून उन्हात वाळवा आणि गोळ्या घरातूनच काढून टाका. नॅफ्थॅलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या अंगातून ते अधिक शोषलं जातं. मालिश करून असल्या दुपट्यात गुंडाळणं हा फार वाईट योग. बाळाला मेंदीही लावू नका.

खाण्यात बाकला (इंग्रजीत फावा बीन) टाळायचा. अंगावर पाजत असाल तर तुम्हीही टाळा. मात्र आपले वाल आणि पावटा ही निराळी वनस्पती आहे. बाकल्यातलं व्हायसीन हे घातक द्रव्य त्यांत नसतं, त्यामुळे डाळिंब्यांची उसळ बंद करायचं कारण नाही. परदेशी यादीतला ‘बीन्स’ हा शब्द वाचून घरातली सगळी कडधान्यं बंद झालेली पाहिली की वाईट वाटतं.

औषधांत प्रायमाक्वीन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज आणि मिथिलीन ब्लू ही नावं एका कागदावर लिहून मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. तापासाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं.

प्रश्न : भावाला गोळ्या घेतल्यावर रक्त फुटून कावीळ झाली. त्याच आठवड्यात जी६पीडी तपासलं, तर ‘नॉर्मल’! मग दोष नाही ना?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : असं म्हणता येणार नाही. रक्त फुटतं तेव्हा सर्वांत कमी विकर असलेल्या जुन्या पेशी आधी जातात आणि अस्थिमज्जा भराभर कोवळ्या पेशी सोडते. नळीत पोहोचतात त्या नेमक्या जास्त विकर असलेल्या पेशी. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर दोष आहे असंच धरून चाला. नमुना ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारं द्रव्य) नळीत, थंड पेटीतून पाठवा, पण गोठवू नका. मे महिन्याच्या उन्हात फिरलेल्या नळीतलं विकर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उतरतं.

तुमच्या भागात मलेरिया आहे, म्हणून हेही सांगतो. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्वीन दररोज किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस देतात. दोष असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला पर्याय म्हणजे आठवड्यातून एकदा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, ८ आठवडे, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासींमध्ये ‘ओरिसा’ प्रकार आढळतो. त्यात ४४व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसीन येतं. हा रेणू उष्णतेत टिकतो, पण कामासाठी लागणाऱ्या एनएडीपी या साथीदार रेणूवरची त्याची पकड ढिली असते. म्हणजे प्रत्येक बदल विकर डळमळीतच करतो असं नाही.

प्रश्न : माझ्या अहवालात ‘केरळ-कल्याण’ आलंय. हे आपलंच कल्याण का? आणि मी स्त्री असून मला हा दोष कसा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, आपलंच. केरळ आणि कल्याण हे आधी दोन वेगळे प्रकार मानले जात. जनुक वाचल्यावर दोन्हींत तोच बदल निघाला : ३१७व्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी धनभारित लायसीन.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स चालू राहतो, त्यामुळे तुमच्या काही तांबड्या पेशी पूर्ण सक्षम, तर काही दुबळ्या असू शकतात. नुसतं ‘आहे-नाही’ सांगणाऱ्या साध्या ठिपका चाचणीत हे बऱ्याचदा निसटतं, म्हणून आकड्यात मोजणारी चाचणी करून घ्या. टॅफेनोक्वीन हे मलेरियावरचं औषध देण्यापूर्वी विकराची क्रिया सामान्याच्या ७० टक्क्यांहून जास्त असल्याची खात्री करतात. दोन एक्सपैकी एकावरच दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा झाल्यास कावीळ वाढण्याची वाट न पाहता जन्मतःच तपासणी करायला सांगा.