लोणकढी, दंतकथा की आख्यायिका?

प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलमधल्या अचाट गोष्टींची यादी केलीय, त्यांवर मराठीत लिहायचंय, तर ‘टॉल टेल’ला (अचाट, फुगवलेल्या गोष्टीला) ‘लोणकढी थाप’ म्हणावं की ‘दंतकथा’? (मायनर लीग म्हणजे बड्या क्लबांच्या हाताखालचे, लहानसहान गावांतून खेळणारे संघ. इथून वर चढायची आस सगळ्यांना, चढतात मोजकेच.)

माझं मत : एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका.

लोणी कढवून नुकतंच उतरवलेलं तूप ते लोणकढं. लोणकढी थाप म्हणजे तशीच ताजी, निर्भेळ थाप. तिच्यात खऱ्याचा थेंब नसतो आणि मारणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. आता बटाट्याचा किस्सा बघा. ३१ ऑगस्ट १९८७, पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. तिथल्या संघाचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) डेव्ह ब्रेसनहन याने घरून बटाटा सोलून आणला होता. प्रतिस्पर्ध्यांचा धावपटू तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, उभा असताना याने तो बटाटा मुद्दाम तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून भिरकावला. चेंडूच लांब गेला असं समजून धावपटू आरामात ‘होम’कडे (जिथे पोचलं की धाव पुरी होते) आला, तर कॅचर खरा चेंडू हातात घेऊन स्वागताला हजर! पंचांनी धाव बहाल केली, क्लबने ५० डॉलर दंड केला आणि नोकरीही गेली. पुढच्या वर्षी त्याच गावाने त्याचा ५९ नंबर सन्मानाने निवृत्त केला.

ऐकताना शंभर टक्के लोणकढी वाटते, पण घडलेली आहे. इथे मी ‘आख्यायिका’ लिहीन, आणि तेही जुन्या अर्थाने. अमरकोशात ‘आख्यायिकोपलब्धार्था’ असं आहे, म्हणजे जिचा विषय आधीच माहीत आहे, घडून गेलेला आहे ती. कल्पनेने रचलेली ती ‘कथा’. म्हणूनच बाणभट्टाचं ‘हर्षचरित’ आख्यायिका आणि ‘कादंबरी’ कथा. आज आपण आख्यायिका म्हटलं की ‘खरं-खोटं देव जाणे’ असं धरतो, शब्द पार उलटा फिरलाय. त्यामुळे हा वापर एखाद्या वाचकाला खटकेल. खटकू दे. फारच भीती वाटली तर सरळ ‘किस्सा’ लिहा.

‘दंतकथा’ राखून ठेवा स्टीव्ह डाल्कोव्स्कीसाठी. १९५७ ते १९६५ मायनर लीगमध्ये घालवलेला, मेजर लीगच्या (बड्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या) अधिकृत सामन्यात कधीच न उतरलेला हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचा चेंडू लाकडी कुंपण फोडून गेला, टेड विल्यम्ससारखा फलंदाज एक चेंडू बघूनच बाजूला झाला, असं सांगतात. ताशी ११० मैल वेग होता म्हणणारेही आहेत. १९५८ मध्ये लष्कराच्या यंत्रावर मोजला तेव्हा भरला ९३.५ मैल. पण आदल्याच दिवशी तो सामना खेळला होता आणि पिचर नेहमी टाकतो त्या उंचवट्याऐवजी सपाट जमिनीवरून टाकत होता, त्यामुळे भक्तांना आयतीच पळवाट मिळाली. नोंदीतला आकडाही कमी अचाट नाही : १९६० मध्ये स्टॉकटनकडून १७० डावांत २६२ स्ट्राइकआउट (फलंदाजाला हुकवून बाद करणं) आणि बरोबर तितकेच वॉक (चार चेंडू बाहेर टाकल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस). दाताजिभेवर घोळत, तोंडातोंडी वाढत गेलेली गोष्ट ती दंतकथा. मुळाशी खरा माणूस आहे, मैल लोकांनी वाढवले. (‘क्रिकेटची जिवंत दंतकथा’ हा मात्र निव्वळ इंग्रजीचा उतारा, दंतकथा ही गोष्ट असते, माणूस नव्हे.)

तुमच्या यादीतली जॅकी मिचेल या तिन्हींत बसत नाही. २ एप्रिल १९३१ रोजी चॅटनूगाच्या संघाकडून या १७ वर्षांच्या मुलीने प्रदर्शनीय सामन्यात आधी बेब रूथला आणि लगेच लू गेरिगला, म्हणजे त्या काळच्या दोन सर्वांत बड्या फलंदाजांना, बाद केलं. याला साक्षीदार हजारो. वाद एवढाच की दोघे खरंच हुकले की मुद्दाम हुकले, कारण संघाचा अध्यक्ष जो एंगल हा खेळाडू देऊन बदल्यात टर्की कोंबडा घेणारा गडी. संशय गोष्टीवर नसून घटनेवर आहे. त्याला मराठीत चोख शब्द आहे : बनाव. तिथे ‘बनाव की पराक्रम’ असं लिहा.