अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचा पीसी घरून रिमोट डेस्कटॉपने चालवतो, लाईट जाऊन आली की कनेक्टच होत नाही, काय करू?

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडायचं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन' करा (मग लाईट आली की पीसी आपोआप चालू होतो), कारण बहुतेक वेळा पीसी बंदच पडलेला असतो आणि आपण उगाच नेटला शिव्या घालत बसतो. इथल्या दोन-तीन टॉवेलवाल्यांचे पीसी मीच बघतो, दरवेळी हेच निघतं. मदरबोर्डप्रमाणे सेटिंगचं नाव थोडं वेगळं असतं. विंडोजमधलं स्लीप पण 'नेव्हर' करून टाका.

आधी वॉचमनला फोन लावून पीसीचा दिवा लागलाय का विचारा. लागला असेल तर मग आयपी (नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता) बघायचा, राउटर रीस्टार्ट झाला की पीसीला दुसरा आयपी मिळू शकतो आणि तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन पीसीकडे पाठवणारं राउटरचं सेटिंग) जुन्याच आयपीकडे बोट दाखवत राहतं, म्हणून राउटरमध्ये पीसीच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) आयपी रिझर्व्ह करा. बाहेरचा (नेट कंपनीने दिलेला) आयपी बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एकच कायमचं नाव देणारी सेवा) लागेल. आणि रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट थेट नेटवर उघडा ठेवला असेल तर आजच बंद करा, व्हीपीएन (घरून कारखान्याच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) लावा.

एनीडेस्कसारखं आयडीवर चालणारं वापरत असाल तर मात्र आयपीची भानगड नाही, फक्त बायोस आणि स्लीप बघा.