टीएमएसला खरेदी जोडताय? एका मार्गापासून सुरू करा

टीएमएस म्हणजे मालवाहतूक सांभाळणारी सिस्टिम. तिच्यात वाहतुकीची खरेदी आणताना सगळे ट्रान्सपोर्टर आणि सगळ्या शिपिंग लाइन एकदम भरायच्या नादी लागू नका. लोटे एमआयडीसी ते न्हावा शेवा बंदर, एवढा एकच मार्ग घ्या आणि तो दर मागवण्यापासून बिल चुकवण्यापर्यंत चालवून बघा.

आधी व्हेंडर मास्टर, म्हणजे सिस्टिममधली पुरवठादारांची यादी, साफ करा. एकाच गाडीवाल्याच्या नावाची तीन स्पेलिंगं म्हणजे तीन खाती, मग कुणाला किती काम दिलं तेच कळत नाही. पॅन हीच ओळख धरा. जीएसटी क्रमांकातली तिसरी ते बारावी अक्षरं म्हणजे पॅनच, त्यावरून दुबार नावं पटकन सापडतात.

खरा घोळ दरांत होतो. व्हॉट्सॲपवर आलेला एकरकमी आकडा तसाच टाकू नका.

- भाडं, टीएचसी (बंदरातला हाताळणी खर्च), रीफरचं म्हणजे थंड कंटेनरचं प्लग-इन (वीजजोडणी), डिटेन्शन (गाडी किंवा कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार): प्रत्येकाची वेगळी ओळ.
- मुदत नसलेला दर सिस्टिमने घेऊच नये.
- जॉब (एका खेपेची नोंद) उघडतानाच खरेदीचा दर त्यात पक्का करा. पुढे तो दर, पीओडी (माल पोचल्याची पोच) आणि बिल जुळलं तरच पेमेंट. किती रुपयांचा फरक चालेल, हे अकाउंट्सकडून आधीच लिहून घ्या, नाहीतर किरकोळ टोलच्या पावतीपायी बिलं अडून राहतील (आणि गाडीवाल्यांचे फोन तुम्हालाच येतील).

ई-बिडिंग (ऑनलाइन बोली), एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा.

आणि एप्रिल-मेमध्ये, ऐन हापूसच्या धांदलीत, नवी सिस्टिम अजिबात सुरू करू नका. जून-जुलै बरा: आंबा संपलेला, मासेमारीही बंद, माणसांना शिकायला उसंत मिळते.